यंत्राने आधी पुस्तिका उघडावी म्हणून

सरकारी रुग्णालयात मिळणाऱ्या इन्सुलिनच्या कुपीवर बारीक अक्षरांत ‘४० आययू प्रति मिलि’ असे छापलेले असते. म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. अमेरिकेत आणि युरोपात हेच इन्सुलिन मिलिलिटरला १०० युनिट या प्रमाणात मिळते. आपल्याकडेही पेनमधले इन्सुलिन १०० चे आणि कुपीतले बहुधा ४० चे, त्यामुळे सिरिंजही दोन प्रकारच्या येतात. ४० च्या सिरिंजची टोपी लाल, १०० च्या सिरिंजची नारिंगी. रुग्णाला २० युनिट द्यायचे असतील, तर ४० च्या कुपीतून अर्धा मिलिलिटर घ्यायचा आणि १०० च्या कुपीतून फक्त ०.२ मिलिलिटर. फरक अडीच पटींचा. वॉर्डातल्या कोणत्याही अनुभवी सिस्टरना झोपेतून उठवून विचारले तरी त्या हे बरोबर सांगतील.

आता समजा, एखाद्या तरुण प्रोग्रामरने संगणकावरच्या एआय सहायकाला सांगितले, ‘इन्सुलिनचे युनिट टाकले की किती मिलिलिटर घ्यायचे ते दाखवणारा छोटा प्रोग्राम लिहून दे.’ सहायक अर्ध्या मिनिटात तो लिहून देईल. प्रोग्राम दिसायला नेटका असेल, चालेलही. पण त्यात १०० हा आकडा बसवलेला असण्याची शक्यता बरीच आहे, कारण हे यंत्र ज्या मजकुरावर शिकले त्यातला फार मोठा भाग तिकडचा आहे. तो प्रोग्राम आपल्या ४० च्या कुपीला लावला, की २० युनिटऐवजी रुग्णाच्या शरीरात ८ युनिट जातील. साखर उतरणार नाही. दुसऱ्या दिवशी डोस वाढवला जाईल, आणि मग एखाद्या जुन्या सिस्टरने नेहमीच्या पद्धतीने बरोबर माप घेतले, की साखर एकदम खाली जाईल.

आरोग्याच्या सदरात प्रोग्रामिंगचे काय काम, असे काही वाचकांना वाटेल. पण रुग्णालयातला केस पेपर, प्रयोगशाळेचा अहवाल, औषधांचा साठा, लसीकरणाची नोंद हे सगळे आता सॉफ्टवेअरमधून जाते. आभा कार्डाचा क्यूआर कोड मोबाइलवर स्कॅन करून ओपीडीचा नंबर घेणारे रुग्ण आता सवयीचे झाले आहेत. आणि हे सॉफ्टवेअर लिहिणारी पिढी एआय सहायकाला शेजारी बसवून काम करते. त्यामुळे तो सहायक कशाच्या आधारे लिहितो, हा प्रश्न आता माझ्याही धंद्याचा झाला आहे.

मला तो समजावून सांगितला आमच्या शेजारच्या मुलाने. पुण्यातल्या एका कंपनीचे काम तो रत्नागिरीतून करतो. पावसाळ्यात वीज गेली की इन्व्हर्टरसाठी आमच्याकडे येऊन बसतो, त्यामुळे त्याच्या कामाचे बरेच काही माझ्या कानावर पडते. रुग्णालयांसाठीचे सॉफ्टवेअर हाच त्याचा विषय. ‘डॉक्टरकाका, तुम्ही पाठ केलेल्या डोसवर औषध लिहिता की पुस्तक बघून?’ असे त्याने एकदा विचारले. नेहमीची औषधे पाठ असतात, कमी वापरातली बघून, असे मी म्हणालो. ‘आमच्या सहायकाला हा फरकच कळत नाही,’ तो म्हणाला. ‘त्याला सगळंच पाठ आहे असं वाटतं.’

प्रोग्रामर हल्ली सगळे काही पहिल्यापासून लिहीत नाहीत. तारखेतून वय काढणे, बारकोड वाचणे, आलेख काढणे अशा कामांचा तयार कोड कोणीतरी आधीच लिहून जगासाठी खुला ठेवलेला असतो. अशा तयार कोडच्या गठ्ठ्याला लायब्ररी म्हणतात. आपल्या ओळखीचे उदाहरण द्यायचे तर लायब्ररी म्हणजे तयार औषध आणि तिची माहितीपुस्तिका म्हणजे औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला तो पातळ कागद. कोणत्या नावाने हाक मारायची, काय द्यायचे, बदल्यात काय मिळेल, काय केले तर बिघडेल, हे सगळे त्या पुस्तिकेत असते. प्रोग्रामर तिला डॉक्युमेंटेशन म्हणतात.

घोटाळा असा, की लायब्ररी बदलत राहते. नाव तेच, आतला मालमसाला वेगळा. आम्हाला हे नवे नाही. पॅरासिटामॉलचे लहान मुलांचे सिरप घ्या. एका बाटलीत ५ मिलिलिटरला १२० किंवा १२५ मिलिग्रॅम, दुसरीत २५०. अमेरिकेत १६०. बाळांसाठीच्या थेंबांच्या बाटलीत तर एकाच मिलिलिटरला १००. ‘एक चमचा दे’ असे फोनवर सांगणाऱ्या डॉक्टरने आधी ‘बाटलीवर काय लिहिलंय ते वाच’ म्हणायला हवे. लायब्ररीच्या बाटलीवरही असाच आकडा असतो, त्याला आवृत्ती म्हणतात. तिसऱ्या आवृत्तीत चालणारी ओळ चौथ्या आवृत्तीत चालेलच असे नाही.

एआय सहायकाच्या पोटात जे भाषेचे मॉडेल असते, त्याचे शिक्षण एका ठरावीक दिवशी थांबते. त्यानंतर जगात काय बदलले ते त्याला आपोआप कळत नाही. त्याहून अवघड म्हणजे त्याने जुनी पुस्तिका हजार ठिकाणी वाचलेली असते आणि नवी दोन ठिकाणी. मग जुनेच जास्त खरे वाटते. माणसांचेही असेच होते. कुत्रा चावल्यावर ‘पोटात चौदा इंजेक्शने’ ही भीती आजही ओपीडीत येते. ती इंजेक्शने मेंढीच्या मेंदूपासून बनवलेल्या लशीची होती. डेव्हिड सेंपल यांनी कसौलीत १९११ मध्ये ती पद्धत बसवली आणि भारतात २००४ च्या अखेरीस तिचे उत्पादन थांबले. आता दंडात, ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी, त्वचेच्या आत थोडी थोडी लस देतात. ही पद्धत आपल्याकडे २००६ मध्ये आली. तरी वीस वर्षांनंतरही चौदाचा आकडा लोकांच्या तोंडातून जात नाही, आणि त्या भीतीने कोणी लस टाळली तर पुढे रेबीजवर उपाय नसतो. जे पिढ्यान्‌पिढ्या ऐकले, ते पुसायला एक नवा कागद पुरत नाही.

यंत्राच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे, गंमत म्हणावी की नाही हा प्रश्न आहे. आठवले नाही तर ते गप्प बसत नाही. शोभेल असे नाव तयार करते. अमेरिकेतल्या तीन विद्यापीठांच्या संशोधकांनी १६ मॉडेलांकडून ५ लाख ७६ हजार कोडचे नमुने लिहून घेतले आणि त्यांत सुचवलेल्या लायब्ररी खरोखर आहेत का ते तपासले. पैसे देऊन वापरायच्या मॉडेलांनी सुचवलेल्यांपैकी सरासरी किमान ५.२ टक्के नावे अस्तित्वातच नव्हती. खुल्या मॉडेलांत हे प्रमाण २१.७ टक्के निघाले. अशी वेगवेगळी काल्पनिक नावे भरली २ लाखांहून जास्त. ज्याने तपासणीत तोंडी परीक्षा घेतली आहे त्याला हा विद्यार्थी लगेच ओळखू येईल. उत्तर येत नाही, पण आवाज खणखणीत.

यात नुसती फजिती नाही, धोकाही आहे. असे काल्पनिक नाव यंत्र वारंवार सुचवते हे हेरून कोणी त्याच नावाची लायब्ररी तयार करून आत वाईट कोड घालून ठेवू शकतो. सुरक्षा क्षेत्रातल्या एका संशोधकाने केवळ तपासण्यासाठी अशाच एका काल्पनिक नावाचे रिकामे पाकीट खुल्या भांडारात ठेवले. २०२४ मध्ये त्याने सांगितले तेव्हा तीन महिन्यांत ते ३० हजारांहून जास्त वेळा उतरवून घेतले गेले होते.

यावरचा उपाय ऐकायला अगदी साधा आहे. यंत्राला पाठांतरावर सोडायचे नाही, पुस्तिका त्याच्या हाताशी द्यायची. अवघड होते ते देणे. दहा प्रकारचे सहायक आणि दहा प्रकारच्या पुस्तिका म्हटल्या, तर प्रत्येक जोडीसाठी वेगळी तार ओढावी लागे. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या कंपनीने त्यासाठी एक खुला करार जाहीर केला, मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, थोडक्यात एमसीपी. भिंतीतल्या सॉकेटचे माप एकदा ठरले की पंखा कोणत्या कंपनीचा याने फरक पडत नाही, तसा हा प्रकार. पुढच्या काही महिन्यांत प्रतिस्पर्धी कंपन्यांनीही तो स्वीकारला. मायक्रोसॉफ्टने आपली तांत्रिक पुस्तिका या पद्धतीने खुली केली, आणि ‘कॉन्टेक्स्ट७’सारख्या सेवा अनेक लायब्ररींच्या पुस्तिका एकाच ठिकाणाहून देऊ लागल्या.

जोडणी कशी होते ते त्या मुलाने मला लॅपटॉपवर दाखवले. सेटिंगच्या एका फाइलमध्ये चार-पाच ओळी, त्यांत सर्व्हरचे नाव आणि पत्ता. इथे सर्व्हर म्हणजे पुस्तिका सांभाळणारा आणि मागेल त्याला पान देणारा प्रोग्राम. तो दूरच्या संगणकावर असेल किंवा त्याच लॅपटॉपवर. जोडणी झाली की तो आधी आपली ओळख करून देतो, ‘माझ्याकडे दोन कामे होतात. शब्द दिलात तर संबंधित पाने शोधून देतो. पानाचा पत्ता दिलात तर ते पान पूर्ण देतो.’ आपण सहायकाला काही लिहायला सांगितले, की मॉडेल ठरवते, इथे पुस्तिका पाहायला हवी. ते मागणी लिहिते, सहायकाचा प्रोग्राम ती सर्व्हरकडे नेतो आणि आलेले पान आपल्या प्रश्नासोबत मॉडेलपुढे ठेवतो. मग ते वाचून उत्तर तयार होते.

मला पटकन समजले ते असे. रात्रपाळीचा इंटर्न डोस आठवत बसण्याऐवजी औषध भांडारात फोन करतो, तिथून फार्मासिस्ट खोक्यावरची ओळ वाचून दाखवतो, इंटर्न ती ऐकून लिहितो. फरक एवढाच, की इंटर्न दुसऱ्या खेपेला ते लक्षात ठेवतो. हे यंत्र ठेवत नाही. संभाषण संपले की पान गेले. उद्या नव्या संभाषणात पुन्हा फोन. रोज सकाळी पहिल्यांदा रुजू होणारा इंटर्न, हुशार पण कोरा.

आता आपल्या राज्यातले उदाहरण. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झाले. चौदा अंकी आभा क्रमांक त्याचाच. रत्नागिरीत लिहिलेले औषधांचे प्रिस्क्रिप्शन रुग्ण मुंबईला गेल्यावर तिथल्या डॉक्टरला संगणकावर वाचता यायला हवे असेल, तर दोन्हीकडच्या सॉफ्टवेअरमध्ये माहितीचे रकाने सारखे हवेत. या रकान्यांचे जे आंतरराष्ट्रीय माप आहे त्याला एफएचआयआर म्हणतात, उच्चार ‘फायर’. भारतासाठी त्याची मार्गदर्शिका पुण्यात तयार होते. परम महासंगणकामुळे आपल्याला माहीत असलेल्या सी-डॅकमध्ये आरोग्य नोंदींच्या मानकांचे राष्ट्रीय केंद्र आहे. प्रिस्क्रिप्शन, ओपीडीचा सल्ला, डिस्चार्ज कार्ड, तपासणी अहवाल, लसीकरण अशा प्रत्येक कागदाचा नमुना ते केंद्र प्रसिद्ध करते, आणि तो कोणालाही पाहता येतो.

ही भारतीय मार्गदर्शिका एफएचआयआरच्या चौथ्या आवृत्तीवर बेतलेली आहे. मार्च २०२३ मध्ये पाचवी आवृत्ती आली. ती जगात चर्चेत आहे, लेखांत आहे, उदाहरणांत आहे. आणि या दोन आवृत्त्यांत प्रिस्क्रिप्शनचे काही रकाने बदलले आहेत. औषधाच्या नावाचा रकाना चौथ्या आवृत्तीत एका नावाने आहे, पाचवीत दुसऱ्या. त्याहून मला टोचला तो दुसरा बदल. आम्ही प्रिस्क्रिप्शनवर ‘एसओएस’ लिहितो, म्हणजे गरज पडली तरच घ्या. चौथ्या आवृत्तीत यासाठीचा रकाना ‘अ‍ॅजनीडेडबुलियन’ या नावाचा. पाचवीत तोच नुसता ‘अ‍ॅजनीडेड’.

मुलाने दाखवले की पुस्तिका न जोडता सहायकाला भारतीय पद्धतीचे प्रिस्क्रिप्शन बनवायला सांगितले, तर तो दोन्ही आवृत्त्यांची खिचडी करतो. वरचा भाग चौथ्यातला, ‘गरज पडल्यास’चा रकाना पाचव्यातला. पुढे काय होते ते समोरच्या सॉफ्टवेअरवर अवलंबून. कडक असेल तर सगळा कागद परत पाठवते, तेव्हा निदान कळते तरी. या क्षेत्रात खूप वापरली जाणारी एक लायब्ररी आहे, टोरांटोच्या युनिव्हर्सिटी हेल्थ नेटवर्कमध्ये सुरू झालेली ‘हॅपी’. तिची मूळ सेटिंग मवाळ आहे. अनोळखी रकाना दिसला तर ती इशाऱ्याची एक ओळ लॉगमध्ये लिहून पुढे जाते. लॉग म्हणजे संगणकाची रोजनिशी, आणि ती रोज कोण वाचतो? म्हणजे ‘ताप आला तरच, सहा तासांच्या अंतराने’ यातले ‘ताप आला तरच’ वाटेत गळून पडले आणि मुंबईच्या पडद्यावर उरले ‘सहा तासांच्या अंतराने’. पॅरासिटामॉलचे एक वेळ ठीक. वेदनेसाठी दिलेल्या तीव्र गोळीचे, तेही सत्तरीच्या रुग्णाला, ठीक नाही.

मग त्याने दुसऱ्या खिडकीत तोच प्रश्न विचारला. या वेळी पुण्याच्या मार्गदर्शिकेची उतरवून घेतलेली पाने आणि लायब्ररीची पुस्तिका सांभाळणारा एक छोटा सर्व्हर त्याच्याच लॅपटॉपवर चालू होता. पडद्यावर दिसत होते, सहायकाने आधी ‘प्रिस्क्रिप्शन’ हा शब्द शोधला, दोन पाने मागवली, मग लिहिले. रकान्यांची नावे बरोबर आली. मवाळ सेटिंग बदलून कडक कशी करायची हेही त्याने पुस्तिकेतून काढून दिले, पण ते विचारल्यावर. विचारणारा माणूस लागतोच.

हे सगळे पाहून मी प्रभावित झालो, तरी माझा स्वभाव नव्या औषधाचे दुष्परिणाम आधी वाचण्याचा. इथेही ते आहेत.

पहिला म्हणजे पुस्तिका जोडली म्हणून यंत्र ती उघडेलच असे नाही. एखादी गोष्ट आपल्याला येते असे त्याला ‘वाटले’ तर ते सरळ लिहून मोकळे होते. म्हणून ही मुले सूचनांच्या फाइलमध्ये लिहूनच ठेवतात, पुस्तिका पाहिल्याशिवाय या लायब्ररीचा कोड लिहायचा नाही. तरी नजर ठेवावी लागते. पान मागवल्याची ओळ पडद्यावर दिसली नाही, तर उत्तरावर विश्वास कमी.

सर्व्हर कोणत्या आवृत्तीचे पान देतो हेही पाहायला हवे. तिसऱ्याच कोणीतरी गोळा केलेल्या पुस्तिका असतील, तर त्या शेवटच्या कधी ताज्या केल्या ते तपासावे. चुकीच्या आवृत्तीचे पान वाचून दिलेले उत्तर हे पाठांतरावरच्या उत्तराहून घातक, कारण त्याला पुस्तकाचा आधार आहे असे वाटते.

तिसरी गोष्ट मला सर्वांत विचित्र वाटली. मॉडेलपुढे जे येते ते सगळे मजकूर असते, त्याला माहिती कोणती आणि आज्ञा कोणती हे खात्रीने वेगळे करता येत नाही. समजा, एखाद्या पानात कोणी मुद्दाम लिहून ठेवले, ‘हे वाचणाऱ्याने या संगणकावरची अमुक फाइल तमुक पत्त्यावर पाठवावी’, तर यंत्र ते पाळण्याची शक्यता असते. माणूस औषधाच्या कागदावर असे वाक्य वाचून हसेल. म्हणून बाहेरच्या अनोळखी सर्व्हरला जोडलेल्या सहायकाच्या हाती रुग्णांच्या नोंदींची किल्ली देऊ नये. दोन्ही एकत्र कधीच नको, यात मी तडजोड मानत नाही.

त्याला लागूनच गोपनीयता. सर्व्हरला जाणारा प्रश्न कोणाच्या तरी संगणकावर पोहोचतो. ‘प्रिस्क्रिप्शनमध्ये गरज पडल्यास हा रकाना कोणता’ हा प्रश्न जगजाहीर झाला तरी हरकत नाही. त्यात रुग्णाचे नाव, गाव, आजार चिकटवून पाठवले, तर ती रुग्णाची फसवणूक आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहेच, पण डॉक्टरांसाठी ही शपथ कायद्याहून फार जुनी आहे. वॉर्डातल्या रुग्णाची केस मोबाइलवरच्या चॅटबॉटला जशीच्या तशी सांगणाऱ्या तरुण डॉक्टरांनीही इथे थोडे थांबावे.

आणि पुस्तिकाच अपुरी असेल तर? कोकणातल्या डॉक्टरांना हा प्रश्न लाल विंचवाने शिकवला आहे. विंचू चावून तासाभरात घामाने निथळणारे, हात-पाय गार पडलेले, फुप्फुसात पाणी भरून दम लागलेले मूल ज्याने पाहिले तो विसरत नाही. एके काळी अशा मुलांसाठी पुस्तकात उपयोगी पडेल असे फारसे काही नव्हते. डॉ. हिम्मतराव बावस्कर बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात असताना त्यांनी अशा रुग्णांच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली आणि त्यांचे काम ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीचा उपयोग त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्करांनी १९८६ मध्ये तिथेच मांडला. पुढे प्राझोसिनच्या जोडीला प्रतिविष दिले तर रुग्ण लवकर सावरतो, हे त्यांनी महाडच्या रुग्णांवर केलेल्या तुलनेतून दाखवले. तो निबंध २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला.

म्हणजे एकाच विंचवाच्या उपचाराच्या तीन आवृत्त्या झाल्या. १९८० च्या आधीची, १९८६ ची आणि २०११ ची. ज्या मॉडेलने जगभरच्या विंचवांविषयी ढीगभर वाचले आहे, त्याला आपल्या लाल विंचवाविषयी विचारले तर ते यातली कोणती आवृत्ती सांगेल याची हमी नाही. तो निबंध त्याच्यासमोर ठेवला तर निदान तो वाचून बोलेल. पण तो निबंध मुळात कोणीतरी लिहिला म्हणून ठेवता येतो. बिरवाडीत रात्रभर रुग्णाशेजारी बसून नाडी आणि रक्तदाब लिहिणारा माणूस कोणत्याही सर्व्हरला जोडून मिळत नाही.

एवढ्यावरून आमच्या रुग्णालयासाठी काय करता येईल, हा विचार माझ्या डोक्यात घोळू लागला. मोठ्या गोष्टी वरून यायच्या तेव्हा येतील. पण आपल्याकडे कोणती औषधे कोणत्या तीव्रतेची आहेत, याची एक छोटी पुस्तिका तर आपलीच असू शकते. इन्सुलिन ४० ची. सिरप १२५ चे की २५० चे. लहान मुलांचे सलाइन कोणते. आज ही माहिती कुठे असते? औषध भांडाराच्या कपाटाच्या दारावर, लाल शाईने लिहून चिकटपट्टीने लावलेल्या कागदावर. तो कागद फार मोलाचा आहे, पण कोणतेही सॉफ्टवेअर तो वाचू शकत नाही. डोस मोजणारा एखादा प्रोग्राम उद्या आमच्याकडे आला, तर लिहिणाऱ्याच्या सहायकापुढे ठेवायला आमच्याकडे काहीच नाही, आणि मग तो १०० च धरणार.

शेजारच्या मुलाला हे सांगितल्यावर त्याचे डोळे चमकले. एका रविवारी आम्ही दोघांनी बसून तक्ता आखला. औषधाचे नाव, प्रकार, तीव्रता, एकक, कोणत्या सिरिंजने घ्यायचे. शेवटचे दोन रकाने माझ्या आग्रहाचे, खोक्यावरून वाचून कोणी तपासले आणि कोणत्या तारखेला. रुग्णाची माहिती त्यात कुठेच नाही, त्यामुळे तो कोणालाही दाखवता येतो. साधी मजकुराची फाइल आहे. सर्व्हरमध्ये ठेवायला पाच मिनिटे लागतील, असे तो म्हणतो.

सोमवारी तो तक्ता मी आमच्या फार्मासिस्टना दाखवला. पंचवीस वर्षे भांडार सांभाळलेले गृहस्थ. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, सावकाश सगळे वाचले, दोन ठिकाणी एकके दुरुस्त केली. मग विचारले, ‘साहेब, कागद चांगला आहे. पण शनिवारी रात्री दुसऱ्या कंपनीचा माल उतरतो, तीव्रता बदललेली असते आणि मी सोमवारी येतो. त्या दीड दिवसात तारखेच्या रकान्यात काय दिसणार?’

याचे उत्तर त्या मुलाकडे अजून नाही. तारीख जुनी झाली की सर्व्हरने तीव्रतेचा आकडा द्यायचाच नाही, ‘खोके पाहा’ एवढेच सांगायचे, असे काहीतरी तो सध्या करून पाहतो आहे.